चौथ्या थांब्यापर्यंतची ट्राम

बोगुमिल ग्रिगेलच्या घरात व्हिडिओ गेमच्या सहाशे चाळीस कॅसेट होत्या आणि त्यातली एकही त्याने शेवटपर्यंत खेळलेली नव्हती.

यात त्याला काही वावगं वाटत नसे. बितोम शहराच्या जुन्या बाजारात दर रविवारी जमणारे त्याचे सगळे सोबती असेच होते. कॅसेट हातात आली की मशीनमध्ये खुपसायची, पडद्यावर चित्र उमटतंय का बघायचं, पाचएक मिनिटं बाहुल्याला इकडून तिकडे पळवायचं आणि मग अल्कोहोलने तिच्या पट्टीचे धातूचे दात पुसून फळीवर ठेवायची. फळीवर गेलेली कॅसेट पुन्हा खाली येत नसे. तिच्या शेवटच्या दाराआड कोण उभं आहे, राक्षस की राजकन्या, याची चौकशी करायला यांच्यापैकी कुणाला सवड नव्हती. पुढची कॅसेट बोलावत असे.

बोगुमिल एके काळी टीव्ही दुरुस्त करायचा. दुकान बंद पडलं, पण हातातली कला राहिली. ती त्याने कॅसेटींना वाहिली. दुर्मीळ झालेले गेम तो नव्याने घडवून देई. त्यासाठी बाजारातून एखादी कवडीमोलाची जुनी पिवळी कॅसेट घ्यायची, तिचे स्क्रू काढायचे, आतल्या पट्टीवरच्या चिपा उपसायच्या, त्या जागी हवा तो गेम भरलेल्या चिपा डकवायच्या आणि वर नवं चित्र चिकटवायचं. ज्या कॅसेटचा असा बळी जाई तिला बाजारात सगळे 'दाता' म्हणत. फुटबॉलची कॅसेट ही सगळ्यात हक्काची दाता. त्या इतक्या निघाल्या होत्या की फुकट दिल्या तरी कुणी हात लावत नसे.

बोगुमिलचे नियम दोनच होते. पहिला, दाता कितीही टाकाऊ असो, उघडण्याआधी ती एकदा लावून बघायची. दुसरा, आपण केलेल्या प्रत्येक चिपेवर बारीक अक्षरात 'नक्कल' असं लिहायचं, म्हणजे उद्या कुणी ती अस्सल म्हणून खपवणार नाही. बाजारात यावरून त्याची टिंगल होई. मुंदेक नावाचा एक जाडा, लालबुंद गालांचा संग्राहक त्याला म्हणे, "तू नोटा छापायला बसलास तर त्यांच्यावरही लिहिशील, साहेब, ही खोटी आहे."

पण नकलांपेक्षाही त्याचा जीव होता तो घरी केलेल्या गेमांवर. कंपन्यांनी ही मशीनं सोडून जमाना झाला. तरी कुठेतरी एखादा शिक्षक, एखादा पोस्टमन स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून अजून या मशीनसाठी नवा गेम लिहीत असतो, त्याच्या दहा-वीस कॅसेट करतो आणि आपल्यासारख्याच चार वेड्यांना वाटतो. अशा सदतीस कॅसेट बोगुमिलकडे होत्या. त्यांच्यासाठी त्याने काचेचं कपाट केलं होतं. आणि त्या कपाटात अडतिसावी जागा त्याने रिकामी ठेवली होती. ती गेरार्दची होती.

गेरार्द पोलोक हा ट्राम चालवणारा माणूस. चौतीस वर्षं त्याने एकच मार्ग धरला, रेल्वे स्टेशनपासून थेट आपल्या राहत्या गल्लीच्या तोंडापर्यंत, एकूण अकरा थांबे. निवृत्त झाला आणि हात रिकामे झाले तेव्हा बोगुमिलने त्याला या नादाला लावलं. कॅसेट जमवणं गेरार्दला फारसं रुचलं नाही. तो म्हणायचा, "बोगुश, तुझं म्हणजे खानावळीत जाऊन नुसती ताटं मोजण्यासारखं आहे. जेवत का नाहीस एकदा?" त्याने उलटंच केलं. चष्मा नाकावर चढवून, पुस्तकं मागवून, तो गेम लिहायला शिकला. सहा वर्षं त्याने एकच गेम लिहिला. त्यात एक ट्राम होती आणि अकरा थांबे होते.

बोगुमिलने तो एकदाच पाहिला, गेरार्दच्या स्वयंपाकघरात. तेव्हा त्याला कॅसेटचा अंगरखाही नव्हता. चिपा लावलेली उघडी पट्टी मशीनमधून वर आलेली. पडद्यावर विटकरी रंगाची घरं सरकत होती, त्यांच्या खिडक्यांच्या चौकटी लाल रंगवलेल्या. छपरावर कबुतरांची खुराडी. थांबा आला की ट्राम नेमकी खुणेवर उभी करायची, म्हातारी चढेपर्यंत धीर धरायचा, उगाच घंटा वाजवली तर गुण कापले जायचे. बोगुमिल चौथ्या थांब्यापर्यंत गेला. मग त्याने हातातलं खेळायचं बटण खाली ठेवलं आणि मनापासून म्हणाला, "झकास चालतंय."

"अरे, पुढे जा की. शेवटच्या थांब्यावर गंमत आहे," गेरार्द म्हणाला.

बोगुमिलला त्या दिवशी चारच्या बसने कातोवित्सेला एक कॅसेट बघायला जायचं होतं. तो म्हणाला, पुढच्या खेपेला. निघताना गेरार्दने त्याच्याकडे एखाद्या कॅसेटचं रिकामं खोकं मागितलं, पट्टी उघडी राहते म्हणून. बोगुमिलने पिशवीत हात घालून हाताला लागेल ते दिलं आणि तो जिना उतरला. पुढच्या खेपेला गप्पा झाल्या, खसखशीचा केक झाला, गेम राहिला. असं दोन वर्षं राहतच गेलं.

ऑक्टोबरात गेरार्द गेला. फुफ्फुसांचं दुखणं होतं. तीन आठवड्यांत पडदा पडला. दफनानंतरच्या जेवणाला त्याची बायको हिल्डा हिने बुटांच्या खोक्यात भरलेल्या नऊ कॅसेट बोगुमिलच्या हातात दिल्या. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "ही तुमची खेळणी. तुझ्याकडेच बरी."

बोगुमिलने खोकं घरी आणलं. सगळ्या ओळखीच्या कॅसेट, बहुतेक त्यानेच कधी ना कधी दिलेल्या. ट्राम त्यात नव्हती, कारण ट्राम त्याच्या डोळ्यांपुढे अजून उघडी पट्टीच होती. ती हिल्डाबाईंकडे असेल, दुःख जरा ओसरलं की विचारू, असं त्याने मनाशी ठरवलं. इतका समंजसपणा त्याने आयुष्यात क्वचितच दाखवला होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस मुंदेकला एका दुर्मीळ गेमची नक्कल रविवारपर्यंत हवी होती. घरात दाता उरली नव्हती. खोक्यात एक फुटबॉलची पडली होती. बोगुमिलने ती उचलली. अशा शंभर तरी त्याने उघडल्या असतील. लावून बघायचा कंटाळा आला. मशीनवर मांजर झोपलं होतं, त्याला उठवायचं जिवावर आलं. एवढ्याशा कारणाने त्याने पहिला नियम मोडला.

आत बघतो तर चिपा जुन्या पद्धतीच्या, पोटावर इवलीशी काचेची खिडकी असलेल्या. त्याला घबाड मिळाल्यासारखं झालं. अशा चिपा आता मिळत नाहीत. खिडकीवरचा कागद सोलायचा, जांभळ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवायचं की आतलं सगळं पुसलं जातं आणि चिप नव्या गेमला मोकळी होते. दोन चिपा होत्या. एकीत गेमची सगळी अक्कल असते, कोण केव्हा येणार, काय करणार, काय बोलणार. दुसरीत नुसती चित्रं. चित्रांची चिप मुंदेकच्या गेमला लहान पडत होती, म्हणून ती त्याने बिस्किटांच्या डब्यात टाकली. मोठीचा कागद नखाने सोलला, तो डब्याच्या झाकणाला चिकटला. चष्मा कपाळावर होता, डोळ्यांवर नव्हता. त्याने दिवा लावला आणि चहा ठेवायला गेला.

जानेवारीत हिल्डा त्याच्याकडे आली. सत्तरीची ठेंगणी बाई, काळा कोट, हातात केकचं पुडकं. चार जिने चढून आल्यामुळे आधी बराच वेळ नुसती बसून राहिली. मग सगळीकडच्या फळ्यांवरून नजर फिरवून म्हणाली की गेरार्द सांगायचा त्यापेक्षाही हे भयंकर आहे.

मग तिने येण्याचं कारण सांगितलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात गेरार्दला बोलायला दम पुरत नव्हता. तेव्हा त्याने तिचा हात धरून सांगितलं होतं की ट्राम पूर्ण झाली आहे, तिच्या शेवटच्या थांब्यावर तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. काय ते सांगितलं नाही. म्हणाला, चालव म्हणजे दिसेल.

"मी आयुष्यात ते बटण हातात धरलेलं नाही," हिल्डा म्हणाली. "पण शिकेन. बटाटे सोलायला शिकले, हेही शिकेन. तू तेवढं मला लावून दे. त्या नऊतच आहे ते, तोच म्हणाला. फुटबॉलच्या पिवळ्या खोक्यात. दफनाच्या दिवशी तुला सांगायचं सुचलं नाही."

बोगुमिलने मान हलवली. बघतो, म्हणाला. केकचा तुकडा त्याच्या तोंडात होता, तो बराच वेळ तिथेच राहिला.

ती गेल्यावर त्याने बिस्किटांचा डबा ओतला. झाकणाच्या आतल्या बाजूला तो कागद अजून चिकटलेला होता. त्यावर गेरार्दच्या ट्रामवाल्या गोल अक्षरात लिहिलं होतं: हिल्डासाठी. आणि तेव्हा त्याला आठवलं की ते पिवळं खोकं त्याने स्वतःच दिलं होतं, चारची बस चुकू नये म्हणून, पिशवीत हाताला लागलं ते.

पुढचे तीन आठवडे बोगुमिल लपून राहिला. फोन वाजला की मांजराकडे बघायचा. एकदा गल्लीत लांबून काळा कोट दिसला तर औषधाच्या दुकानात शिरला आणि नको असलेली खोकल्याची गोळी घेऊन बाहेर आला. रविवारी त्याने मुंदेककडून ती चिप परत घेतली, बदल्यात काचेच्या कपाटातली कॅसेट दिली. मुंदेकला व्यवहार कळेना, तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. मुंदेकने आयुष्यात पहिल्यांदा टिंगल केली नाही. थोड्या वेळाने म्हणाला की यात रडण्यासारखं काय आहे, तूच एक ट्राम लिही. शेवटी एक हृदय काढ, फुलं काढ, म्हातारी रडेल आणि शांत होईल.

"कुणाला कळणार आहे?" मुंदेकने विचारलं.

"मला," बोगुमिल म्हणाला.

पण खरं सांगायचं तर चार दिवस तो त्याच बेतात होता. एका दुपारी त्याने फुलं काढूनही बघितली. लाल, तीन पाकळ्यांची. ती पडद्यावर बघता बघता त्याला वाटलं की गेरार्द मागे उभा राहून विचारतोय, अजून ताटंच मोजतोयस ना. त्याने फुलं पुसली, डबा कोटाच्या खिशात घातला आणि हिल्डाच्या दारात जाऊन उभा राहिला.

स्वयंपाकघरात तेच टेबल, तेच मेणकापड. हिल्डाने काचेच्या पेल्यात कॉफी ओतली, गाळ खाली बसायची वाट बघत ती बसली. बोगुमिलने कागद मेणकापडावर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, मांजरासकट. काही वगळलं नाही. आल्या पावली निघून जायची त्याने मनाची तयारी ठेवली होती.

हिल्डाने कागदावरून अंगठा फिरवला.

"त्याचा तो कॉम्प्युटर," शेवटी ती म्हणाली, "तो मी भंगारवाल्याला दिला. दफनाच्या आदल्या दिवशी. सारखा घूं-घूं करायचा. पाहुणे झोपणार कुठे म्हणून खोली रिकामी केली." तिने कॉफी ढवळली. "त्यातही असणार ना ते?"

"असणार."

"मग बस खाली. आपण दोघं एकाच मापाचे आहोत."

बोगुमिल बसला. मग त्याने दुसरी चिप काढली, लहान, वाचलेली. यात फक्त चित्रं आहेत, तो म्हणाला, पण आहेत सगळी. त्याने आपला छोटा कॉम्प्युटर उघडला आणि चिपेतलं एकेक चित्र पडद्यावर मांडलं. बारीक बारीक चौकोन, कुठलाच कशाला जोडलेला नाही. विटा. लाल चौकट. कबुतराचं अर्धं अंग. ट्रामचं चाक. नाटक कंपनी बुडाल्यावर गोदामात पडलेल्या सामानासारखं होतं ते: पडदे शाबूत, मुकुट शाबूत, दाढ्या खुंटीला टांगलेल्या, फक्त संहिता जळलेली, आणि कोण केव्हा आत येतं ते सांगणारा माणूसही उरलेला नाही.

बोगुमिल चौकोन जोडत गेला आणि हिल्डा ओळखत गेली. ही बेकरी. हा खाणीचा दरवाजा, आता पाडला तो. ही म्हातारी म्हणजे कोलोचबाई असणार, तिच्या टोपीवरून, ती नेहमी सुट्टे पैसे विसरायची. मध्येच ती हसली सुद्धा. मग सगळ्यात खालच्या ओळीतले चार चौकोन बोगुमिलने एकत्र केले आणि एक बाई उभी राहिली. डोक्याला रुमाल, हातात सुटकेस.

हिल्डाचं हसू जागच्या जागी थांबलं.

"ही मी आहे," ती म्हणाली.

लग्नाच्या नवव्या वर्षी ती घर सोडून निघाली होती. कशावरून, ते तिने सांगितलं नाही, आणि बोगुमिलने विचारलं नाही. बहिणीकडे ओपोलेला जायचं तर स्टेशन गाठायला हवं, आणि स्टेशनला जाणारी ट्राम एकच होती. ती सुटकेस घेऊन थांब्यावर उभी राहिली आणि जी ट्राम आली ती गेरार्दच चालवत होता. ती चढली. तिकिटाला भोक पाडलं. मागे उभी राहिली. त्याने आरशात पाहिलं असेल. वळून पाहिलं नाही. अकराही थांबे त्याने एकेका खुणेवर गाडी उभी केली आणि तिला स्टेशनवर सोडलं.

तीन आठवड्यांनी ती परत आली. पुन्हा त्याचीच ट्राम. गल्लीच्या तोंडाशी ती उतरली, तेव्हा तो नेमापेक्षा बराच वेळ गाडी उभी करून बसला होता, लोक कुरकुर करायला लागले होते. संध्याकाळी घरी येऊन त्याने सूप प्यायलं आणि मीठ बरोबर आहे म्हणाला.

"त्यानंतर त्या गोष्टीवर आम्ही दोघांनी एक अक्षर काढलं नाही. शेवटपर्यंत," हिल्डा म्हणाली. तिने पडद्याकडे बोट केलं. "ही चढतेय की उतरतेय?"

बोगुमिलने चष्मा काढून पुसला.

"सांगता येत नाही."

"कुणीकडे बघतेय ती? उजवीकडे ना?"

"उजवीकडे. पण त्यावरून काही कळत नाही, हिल्डाबाई. मशीन हेच चित्र आरशासारखं उलटं करू शकतं, म्हणून आम्ही एकच बाजू काढतो. जागा वाचते. ती ट्रामकडे चाललीय की ट्रामपासून लांब, ते दुसऱ्या चिपेत होतं."

"जी तू पुसलीस."

"जी मी पुसली."

हिल्डा ताठ बसून राहिली. बोगुमिलला तिच्याकडे बघवेना, पण नजर काढून घेणंही बरं दिसेना. त्याच्या मनात आलं, गेरार्द पुढे जा म्हणाला तेव्हा बटण हाताशीच होतं. आणखी सात थांबे. अर्धा तास लागला असता फार तर. चारची गेली असती तर साडेपाचची बस होती. आणि आज या बाईला उत्तर मिळालं असतं, की चाळीस वर्षं या माणसाच्या मनात कोणता दिवस राहिला होता, जाण्याचा की येण्याचा.

मग तो म्हणाला की त्याला जे आठवतं ते, चार थांबे, तो पुन्हा लिहू शकेल. चित्रं गेरार्दचीच असतील. आणि शेवटी, हिल्डाबाईंची इच्छा असेल तर, तो त्या चित्रातल्या बाईला ट्राममधून उतरवू शकेल. सोपं आहे. एका ओळीचं काम आहे.

"तू उतरवशील," हिल्डा म्हणाली. "त्याने उतरवलं होतं का, ते विचारतेय मी."

बोगुमिलने कॉफीचा पेला जवळ ओढला.

"उतरवू नकोस," ती म्हणाली. "चढवूही नकोस. उभी राहू दे तिला तिथे."

ते काम करायला बोगुमिलला ईस्टर उजाडलं. मंगळवारी दुपारी तो हिल्डाकडे जाई आणि ट्राम जेवढी तयार झाली असेल तेवढीवर तिला मशीनवर बोटं चालवायला शिकवी. ती फार वाईट खेळायची. पहिल्या थांब्यावर खुणेच्या पुढे जायची आणि मशीनलाच झापायची, की गेरार्दने अशी गाडी चालवली असती तर लोकांनी त्याला दगड मारले असते. पण तिने सोडलं नाही. घरी बोगुमिलनेही एक केलं. फळीवरची एक कॅसेट, कुठलीशी, खाली काढली आणि तीन दिवस बसून शेवटपर्यंत खेळला. शेवटी एक राजवाडा होता आणि त्यावर आभार मानणारी दोन वाक्यं. ती त्याने दोनदा वाचली.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी त्याने कॅसेट आणली. तेच पिवळं फुटबॉलचं खोकं. आत त्याच दोन चिपा, लहान जशी होती तशी, आणि मोठी, जी त्याने रिकामी केली होती आणि आता आपल्या आठवणीने भरली होती. मोठीच्या खिडकीवर नवा कागद होता. हिल्डाने तो दिव्याच्या उजेडात धरून वाचला. त्यावर लिहिलं होतं, नक्कल.

"हे बरं केलंस," ती म्हणाली.

तिने स्वतःच कॅसेट खुपसली. पडद्यावर विटकरी घरं सरकू लागली. पहिला थांबा, बेकरी. दुसऱ्याला ती खुणेपुढे गेली, पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यावर टोपीवाली म्हातारी चढेपर्यंत तिने अंगठा आवरून धरला. चौथा थांबा पार झाला आणि घरं संपली. तिथून पुढे बोगुमिलला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने तिथे काहीच काढलं नव्हतं. काळ्या पडद्यावरून ट्राम एकटी चालली होती, खाली रूळ, बाकी काही नाही. सात थांब्यांइतका काळोख त्याने मोजून ठेवला होता.

मग उजव्या कडेने ती आली. रुमाल, सुटकेस. ट्राम तिच्यापाशी खुणेवर येऊन उभी राहिली. या वेळी हिल्डा एका रेघेनेही चुकली नाही.

दोघी समोरासमोर थांबल्या, गाडी आणि ती बाई. गेम तिथेच संपत होता, पण बोगुमिलने 'संपले' अशी पाटी लावली नव्हती. मशीन बंद करेपर्यंत चित्र तसंच राहणार होतं.

कॉफीचा गाळ केव्हाच खाली बसला होता. बोगुमिलने एकदा बंद करायच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे," हिल्डा म्हणाली. "त्याने पण बराच वेळ उभी केली होती."